निळा आला का?

जगातल्या यच्चयावत भांडणांचं मूळ वायरीच्या टोकाला असतं, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस आजवर माझ्या पाहण्यात आला आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातंच मुळात अवघड. भाऊ आपण निवडत नाही हे खरं, पण निदान लहानपणापासून त्याची सवय तरी झालेली असते. साडू हा लग्नाच्या मांडवात एकदम अंगावर येतो. दोन बहिणी आपापल्या आवडीची माणसं शोधून संसाराला लागतात आणि मग त्या दोन माणसांनी जन्मभर प्रत्येक दिवाळीत शेजारी बसून, चकली मोडत, एकमेकांशी काय बोलावं हे शोधत राहायचं. माझ्यापुरता हा प्रश्न साडूभाऊंनी पहिल्याच दिवाळीत निकालात काढला. बोलायचं त्यांनी, ऐकायचं मी, आणि विषय कायमचा एकच: कुठली पिन कुठे बसत नाही.

साडूभाऊ नारायण पेठेत राहतात. पाटबंधारे खात्यात नकाशांच्या विभागात ते सगळी नोकरी करून निवृत्त झाले. त्यांच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो पडद्याला जोडायची वायर यायचीच राहिली होती. मागवली तर भलत्याच टोकाची आली. ती परत पाठवली तर तिच्या बदल्यात पडदाच दुसरा आला, त्याला तिसरीच वायर लागत होती. साहेबांनी नारळ फोडला होता, कॉम्प्युटरच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि हार वाळून त्याची पूड झाली तरी बिचारा आंधळाच बसून होता. "त्या दिवसांत मला एक कळलं," साडूभाऊ अजून सांगतात, "धरण बांधणं सोपं. पाणी निदान उताराकडे जातं. या कंपन्यांचं काही सांगता येत नाही." तेव्हापासून त्यांनी या विषयाचा जो ध्यास घेतला तो आजतागायत सुटलेला नाही.

कुणाच्याही घरी गेले की इतर माणसं सोफ्यावर बसतात, साडूभाऊ टीव्हीच्या मागे जातात. पाणी नंतर. आधी खिशातली छोटी बॅटरी काढून टीव्हीच्या पाठीला कुठली कुठली सॉकेटं आहेत ते बघतात, "एचडीएमआय दोनच? किती दिवस पुरणार?" असं काहीतरी काळजीनं पुटपुटतात आणि मग यजमानांकडे डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं बघतात. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा आरतीला साडूभाऊ दिसेनात. सगळीकडे शोध झाला. शेवटी टीव्हीमागून टाळ्यांचा आवाज आला म्हणून कळलं, की ते तिथूनच आरतीत सामील आहेत. तीर्थप्रसाद तिथे नेऊन द्यावा लागला, आणि तोही त्यांनी डाव्या हातावर घेतला म्हणून माझी बायको रुसली. उजव्या हातात वायर होती, त्याला ते तरी काय करणार!

माणसांची पारखही ते याच मार्गानं करतात. जात, गोत्र, राजकीय मतं यांत त्यांना तिळमात्र रस नाही. नव्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न: "आपल्या फोनला कुठली पिन?" दुसरी परीक्षा अधिक कठीण. चार्जर काढताना माणूस पिन धरून काढतो की वायर धरून ओढतो, हे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतात. वायर धरून ओढणाऱ्या माणसाला ते शिडीसुद्धा उसनी देणार नाहीत. मी एकदा त्यांच्यासमोर गडबडीत तसं केलं. ते नुसते उठले, वायर हातात घेतली, तिच्यावरून दोन बोटं फिरवली आणि ती घेऊन आत गेले. मेहुणी बाहेर येऊन मला म्हणाली, "आता महिनाभर तुमच्याशी अहो-जाहो करतील बघा." खरंच केलं, आणि पुण्यात अहो-जाहोइतकी जळजळीत शिक्षा दुसरी नाही.

त्यांचा वायरींचा साठा म्हणजे एक स्वतंत्र संस्थानच आहे. लग्नामुंजींत मिळालेल्या कापडी पिशव्या आपण भाजीला वापरतो, त्या त्यांच्याकडे वायरींना. एका पिशवीवर "शुभविवाह" आणि आत पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रिंटरच्या वायरी. दुसरीवर कुणाच्या तरी बारशाचं बाळ रांगतंय आणि आत निरनिराळे कन्व्हर्टर, म्हणजे एका टोकाचं दुसऱ्या टोकाशी भांडण मिटवणारे मध्यस्थ. पलंगातल्या गाद्या-गोधड्यांची जागा या पिशव्यांनी कधीच घेतली. "पाहुणे आले तर अंगावर घालायला वायरी आहेत," असं मेहुणी शांतपणे सांगते. टाकून द्या म्हटलं की साडूभाऊ कळवळतात. "आज टाकली की उद्या लागते. हा निसर्गनियम आहे." वाईट याचं, की हा नियम खरा आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा जुना कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची वायर साऱ्या पुण्यात मिळेना तेव्हा ती बारशाच्या बाळाच्या पोटातून निघाली. त्या दिवशी साडूभाऊ इतके खूश होते, की त्यांनी मेहुणीला स्वतःहून चहा करून दिला. साखर विसरले ती गोष्ट वेगळी.

मग टाइप-सी आली. लहानशी, चपटी, सुलट घाला नाहीतर उलट, कशीही बसणारी. साडूभाऊंना वाटलं, आली एकदाची! परदेशात कुठेशी कायदाच करून सगळ्या फोनना एकच पिन सक्तीची केल्याची बातमी त्यांनी वाचली आणि अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. शेजारच्या काकू पेढा घेत म्हणाल्या, "मुलीचं ठरलं वाटतं!" साडूभाऊ म्हणाले, "छे हो, त्याहून मोठं." हे मुलीनं आतून ऐकलं. ती हिंजवडीत नोकरी करते आणि रोज कंपनीच्या बसमध्ये इतका वेळ बसते की तिला कशाचाच राग येत नाही. ती म्हणाली, "बाबा, मुळात वायर हवीच कशाला? कास्ट कर ना सरळ. सगळं वायरलेस असतं आता." साडूभाऊ म्हणाले, "मी हवेवर विश्वास ठेवत नाही."

पण आठवड्याभरात त्यांचा चेहरा उतरला. त्यांना असा शोध लागला, की टाइप-सीची वायर दिसायला सारखी, पण एक नुसतीच चार्जिंग करते, दुसरी चित्रही नेते, तिसरी चित्र नेते पण तिच्या मनात असेल तेव्हा. बाहेरून ओळखायची काही खूण नाही. "पूर्वी वाईट माणूस वाईट दिसायचा हो," ते मला म्हणाले. "चौकोनी पिन गोल भोकात जायचीच नाही, प्रश्न मिटला. आता जाते, बसते, आणि वर काही दिसत नाही. याला काय म्हणायचं?" मी म्हटलं, "याला प्रगती म्हणायचं." त्यावर ते हसले नाहीत. पण माणूस हाडाचा आशावादी. दोन दिवस जेवण धड गेलं नाही आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले, "होईल. कधीतरी एक होईल. आपण नसू, पण होईल."

हे सगळं मेहुणी इतकी वर्षं कसं सोसत आली, असं तुम्हाला वाटेल. मेहुणी शाळेत शिक्षिका होती. पन्नास पोरांचा वर्ग नुसता हात वर करून गप्प करणारी बाई, एका नवऱ्याला काय भिणार? पण शाळा सोडली तर चारचौघांत उभं राहून ती कधी बोलली नव्हती. निवृत्त झाल्यावर मुलीनं तिला कॅमेरा आणून दिला आणि बाई पहाटे उठून पक्ष्यांच्या मागे जायला लागली. कधी कात्रजचं तळं, कधी त्यापलीकडचे माळ. डोक्याला स्कार्फ, पायांत बूट, पिशवीत थर्मास. आम्ही आधी हसलो, मग तिचे फोटो बघितले आणि हसायचे थांबलो. उजेडात बसलेला साधा सातभाई तिनं असा टिपलेला असे, की त्याच्याशी बोलावंसं वाटावं.

गेल्याच्या गेल्या वर्षी पेठेतल्या एका वाचनालयानं तिला बोलावलं, फोटो दाखवा आणि बोला म्हणून. तिनं महिनाभर तयारी केली. नवीन साडी घेतली. आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात लॅपटॉपमधलं चित्र पडद्यावर येईना. लॅपटॉपभोवती सात-आठ पुरुष जमले. प्रत्येकाचा एक सल्ला, सगळ्यांच्या मधोमध साडूभाऊ. ते जोडायचं काम सोडून दोष कुणाचा हे सिद्ध करायच्या मागे लागले. दोष वाचनालयाच्या वायरीचा आहे, हे त्यांनी वाचनालयाच्या चिटणिसांना चार वेगवेगळ्या प्रकारांनी दाखवून दिलं. चिटणीसही पुणेकरच, ते तरी कसे ऐकतील? "आमच्या वायरीवर आजवर बारा वक्ते बोलून गेलेत," ते म्हणाले. साडूभाऊ म्हणाले, "बोलून गेले असतील, दाखवून गेलेत का?" मेहुणी माइक हातात धरून बाजूला उभी. शेवटी वेळ संपत आली, तिनं लॅपटॉप उचलून पहिल्या रांगेला चार फोटो दाखवले, नमस्कार केला आणि कार्यक्रम संपला. घरी येऊन तिनं साडीची घडी घातली आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही जिंकलात. मी आता बोलायला कुठे जाणार नाही." आरडाओरडा केला असता तर बरं, असं साडूभाऊ मला नंतर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

म्हणून यंदाच्या हिवाळ्यात कात्रजच्या एका पक्षिप्रेमी मंडळानं पुन्हा आमंत्रण दिलं आणि माझ्या बायकोनं चार दिवस मागे लागून बहिणीला तयार केलं, तेव्हा घरात कुणी पेढे वाटले नाहीत. मेहुणीनं अट घातली. "हे शेवटचं. या वेळीही माझं बोलणं वायरीत अडकलं तर कॅमेरा मुलीला परत. मग तुम्ही मला पहाटे उठवायचं नाही आणि मी तुम्हाला." साडूभाऊंनी मान खाली घालून हो म्हटलं.

त्या दिवसापासून ते झपाटल्यासारखे कामाला लागले. मेहुणीचा नवा लॅपटॉप कागदाइतका पातळ, त्याला टाइप-सीशिवाय काही नाही. तेव्हा समोर काय आहे ते कळायला हवं, म्हणून त्यांनी हॉलच्या व्यवस्थापकांना फोन लावला. मी शेजारीच होतो. "आपल्याकडे एचडीएमआय आहे का?" "हाय की." "आणि व्हीजीए? ते जुनं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं?" "हाय." "टाइप-सी?" "हाय ना." साडूभाऊंना संशय आला. त्यांनी बेधडक विचारलं, "आणि पाटबंधारे पिन?" पलीकडून तितक्याच आपुलकीनं उत्तर आलं, "ती बी हाय, तुम्ही या तर खरं." फोन ठेवून साडूभाऊ म्हणाले, "सगळं न्यावं लागणार." आणि आदल्या संध्याकाळी त्यांनी घरात रंगीत तालीम घेतली. जुन्यात जुना, कचेरीतून लिलावात घेतलेला पडदा काढला, त्याला लॅपटॉप जोडला, मेहुणीला माइक म्हणून लाटणं दिलं आणि तिच्याकडून सबंध व्याख्यान म्हणवून घेतलं. चित्र असं झकास आलं की मेहुणीसुद्धा हसली. बऱ्याच दिवसांनी मी तिला तसं हसताना बघितलं.

रविवारी संध्याकाळी आम्ही माझ्या गाडीतून कात्रजला पोचलो. साडूभाऊंच्या दोन्ही खांद्यांना दोन-दोन पिशव्या; शुभविवाह, बारसं, एक मुंज आणि एक कुणाची तरी एकसष्टी. हॉल भरलेला. प्रोजेक्टर छताला टांगलेला, तो लावला तेव्हा बहुधा मीही तरुण होतो. मंचामागच्या भिंतीतून त्याची एकच जाड वायर बाहेर आली होती, टोकाला तो जुना व्हीजीए, आणि बाकी काही म्हणजे काही नव्हतं. वायफायही नव्हतं. साडूभाऊ म्हणाले, "काही हरकत नाही, यासाठीच तर काल तालीम केली." पिशवीत हात घातला. मग दुसऱ्या पिशवीत. मग चारही पिशव्या मंचावर पालथ्या झाल्या. मग त्यांचा हात तसाच हवेत थांबला आणि ते माझ्याकडे बघायला लागले. टाइप-सीला व्हीजीए करणारा तो छोटा कन्व्हर्टर तालमीच्या पडद्याला लावलेला, तसाच नारायण पेठेत राहिला होता. सगळं संस्थान सोबत आणलं होतं, राजा तेवढा घरी.

मंडळाच्या एका गृहस्थांनी आपला लॅपटॉप पुढे केला. त्यानं उघडल्याबरोबर अपडेट घ्यायला सुरुवात केली. आता पेठेत जाऊन यायचं म्हणजे रविवार संध्याकाळच्या त्या गर्दीत कार्यक्रमच उरकला असता. साडूभाऊंनी घाम पुसला आणि ढिगातून दोन नग शोधले. एकानं टाइप-सीचं एचडीएमआय होत होतं, दुसऱ्या डबीनं एचडीएमआयचं व्हीजीए. लॅपटॉप, ते दोन नग आणि भिंतीतली वायर अशी साखळी जोडली आणि पडद्यावर चित्र आलं! टाळ्या पडल्या. पण भिंतीतली वायर टेबलापर्यंत पोचत नव्हती, वीतभर कमी. डबी मध्येच हवेत लोंबकळायला लागली, आणि भिंतीतल्या वायरीच्या स्क्रूंचे आटेच झिजलेले. वजनानं टोक जरासं कललं आणि चित्रातला निळा रंग गेला. पडद्यावरचे पांढरेशुभ्र बगळे हळद लागल्यासारखे पिवळे दिसायला लागले.

व्यवस्थापक पुढे आले आणि म्हणाले, "तुमच्याच वायरीत गडबड हाय. आमची रोज चालतीय."

मी डोळे मिटून घेतले. आता काय होणार ते मला ठाऊक होतं. साडूभाऊंनी तोंड उघडलं, बोट वर केलं. आटे झिजलेले होते, सगळ्यांना दिसत होते, हे सिद्ध करायला त्यांना दोन मिनिटंही लागली नसती. मेहुणी माइक हातात धरून बाजूला उभी होती. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती, खाली जमिनीकडे बघत होती. साडूभाऊंनी बोट खाली घेतलं. तोंड मिटलं. मग धोतराचा असावा तसा पॅन्टचा घेर सावरत ते टेबलामागे जमिनीवर मांडी घालून बसले, उजवा हात वर करून ती डबी भिंतीतल्या टोकावर दाबून धरली आणि म्हणाले, "कर सुरू."

बगळे पांढरे झाले.

टेबलावर सतरंजीसारखं जाड कापड होतं. त्याच्यामागून आम्हाला साडूभाऊंच्या टकलाचा वरचा भाग आणि एक हात एवढंच दिसत होतं. त्यांची पाठ पडद्याकडे, त्यांना काही दिसत नव्हतं. मेहुणी सुरुवातीला चाचरली. दोन-तीन वाक्यं पाठ केल्यासारखी बोलली. तेवढ्यात हात हलला आणि पुन्हा सगळं पिवळं. तिला माइक तोंडाजवळ असल्याचं भान राहिलं नाही. घरात बोलावं तसं ती बोलून गेली, "अहो, निळा गेला." सगळ्या हॉलनं ऐकलं. टेबलाखालून आवाज आला, "आता? आला का?" "आला. जरा उजवीकडेच धरा." हॉल असा हसला म्हणून सांगू! आणि त्या हसण्यानं मेहुणीची जीभ सुटली. पहिली पाच मिनिटं बोलणारी बाई कुणी वेगळीच होती आणि नंतरची वेगळी. सातभाईंची भांडणं, धोबी पक्ष्याचा तोरा, तळ्याकाठी थर्मासमधला चहा पीत पक्ष्याची वाट बघताना शेजारी येऊन बसलेलं कुत्रं, ती सांगत गेली आणि माणसं पुढे सरकून ऐकत राहिली. अधूनमधून निळा जायचा. मग हॉलच ओरडायचा, "निळा गेला!" खालून प्रश्न यायचा, "आला का?" आणि साठ-सत्तर माणसं एका सुरात, "आला!" माझ्या शेजारचे एक आजोबा तर निळा कधी जातोय याची वाटच बघत होते.

शेवटाकडे नीलपंखाचा फोटो आला. हा फोटो माझ्या माहितीचा. या एका फोटोसाठी मेहुणी किती हिवाळे माळावर जाऊन बसली होती, त्याला गणती नाही. पक्षी बसलेला असला की मातकट, ढुंकून बघू नये असा. पंख उघडतो तेव्हाच काय ते दिसतं, आणि ते टिपायला तिला एवढा काळ लागला होता. पडद्यावर तो आला, पंख उघडलेला, आणि नेमका त्याच क्षणी निळा गेला. पंख काळपट, शेवाळलेले दिसायला लागले. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी तोंड उघडलं. मेहुणीनं वळून खाली पाहिलं. साडूभाऊंनी डोळे घट्ट मिटले होते, डाव्या हातानं उजव्या हाताला टेकू दिला होता. मेहुणीनं हात वर केला. नुसता वर केला, वर्गात करायची तसा. सगळा हॉल चिडीचूप.

"हा नीलपंख," ती म्हणाली. "शाळेत शाईची दौत लवंडायची बघा, तिच्या मधला रंग, तसा गडद. आणि त्याला लागून फिका, धुऊन धुऊन मऊ झालेल्या युनिफॉर्मचा. हे दोन्ही याच्या पंखात आहेत. तो उडाला की दिसतात, बसला की मिटतात. तुम्ही या माझ्याबरोबर थंडीत, मी दाखवते." कुणी 'निळा गेला' म्हटलं नाही. बायको पदरानं डोळे टिपत होती, मी आपला छताच्या प्रोजेक्टरकडे बघत बसलो.

टाळ्या खूप वेळ वाजल्या. सहा-सात जणांनी तिथेच आपली नावं सांगून माळावर यायचं कबूल केलं, आणि हडपसरच्या एका बाईंनी आपल्या मंडळात बोलायला याल का म्हणून विचारलं. मेहुणी माइक खाली ठेवत म्हणाली, "येईन की." साडूभाऊंना दोघांनी धरून उठवावं लागलं. त्यांचा हात कोपरात वाकेचना. व्यवस्थापक आवराआवर करायला आले आणि जाता जाता सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, मी म्हणलं नव्हतं? तुमचीच वायर." माझ्या बायकोनं माझं मनगट धरलं. साडूभाऊंनी त्या झिजलेल्या आट्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "असेल बुवा. आमचीच असेल." माझ्या बायकोनं मनगट सोडलं तेव्हा त्यावर तिच्या बांगड्या उमटल्या होत्या.

परत येताना मी गाडी चालवत होतो, साडूभाऊ शेजारी, दोघी बहिणी मागे. स्वारगेटच्या अलीकडे गर्दीत आम्ही अडकलो. तिथे साडूभाऊ मागे न वळताच म्हणाले, "बोललीस छान. सगळं ऐकलं मी." आणि थोड्या वेळानं, "तो नीलपंखाचा फोटो... त्या वेळी माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या. काही कळत नव्हतं. कुणी ओरडलं नाही म्हणून मी तसाच धरून राहिलो. निळा आला होता ना?"

"आला होता," मेहुणी म्हणाली.

"नीट?"

"अगदी माळावर दिसला होता तस्सा."

"मग झालं," ते म्हणाले आणि त्यांनी सीटला डोकं टेकून डोळे मिटले. मेहुणीनं मागून हात पुढे घालून त्यांचा उजवा खांदा चेपायला सुरुवात केली. मला या वेड्या माणसाबद्दल त्या क्षणी इतकी माया दाटून आली, की गाडी थांबवून त्याला मिठी मारावी. पण असलं काही आपल्याला जमत नाही. मी नुसतं म्हटलं, "ट्रॅफिक फार आहे." आणि साडूभाऊ डोळे न उघडता म्हणाले, "असू दे. घाई कुणाला आहे?"